पाणमांजरामागचा खांब

चष्मेवाल्याला सगळं गाव बगळा म्हणायचं, आणि त्यात गावाचं काही चुकत नव्हतं. उंची सहा फूट, अंगावर मांस म्हणाल तर नावाला, आणि दर गुरुवारी दुकान बंद ठेवून हा गृहस्थ गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभा. फरक एवढाच, की खऱ्या बगळ्याला मासे मिळतात.

ह्याला का मिळत नसत, तेही सांगून टाकतो. हातात गळाची काठी आणि गळ्यात कॅमेरा! पाण्यावर बूच तरंगतंय, ह्याची नजर बुचावर आहे, सगळं सुरळीत चाललंय. तेवढ्यात समोरच्या फांदीवर खंड्या येऊन बसतो. झालं! काठी काखेत, कॅमेरा डोळ्याला. खंड्या सूर मारतो, मासा घेऊन वर येतो, ह्याचे चाळीस फोटो निघतात, आणि तोवर इकडे बूच दोनदा बुडून वर आलेलं असतं. गळावरचं आमिष कोणीतरी आरामात खाऊन गेलेलं असतं. घरी आला की बायको पिशवी उलटी करून झटकायची आणि विचारायची, “मग आज काय, खंड्याचा फोटो तळू?”

बगळा हसायचा. बायकोचं बोलणं त्याला कधी लागलं नाही. त्याला धाक होता तो सासऱ्यांचा.

सासरे म्हणजे गावातले जुने शिंपी. माणूस अस्सल, पण तोंडाचा कडक. लेकीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं ह्याचा राग त्यांनी चार वर्षं जपला. जावयाशी भांडले असते तर बरं, पण ते आदरानं वागायचे. “अहो जावईबापू, बसा.” “अहो जावईबापू, आपण पुढे व्हा.” इतका आदर, की बगळ्याच्या अंगावर काटा यायचा. आणि मग पाचव्या वर्षी एका गुरुवारी पहाटे ते दारात येऊन उभे राहिले, हातात दोन काठ्या. “चल रे,” म्हणाले. बस. अहोजाहो संपलं.

त्या दिवशी त्यांनी त्याला नदीचं एक वळण दाखवलं. पडक्या पुलाचा एकच खांब पाण्यात उभा, त्याला टेकल्यासारखं एक वाकडं झाड, आणि खाली डोहासारखं संथ पाणी. “ही जागा मी जन्मात कोणाला दाखवली नाही,” सासरे म्हणाले. “तुला दाखवतोय. जीव गेला तरी कोणाला सांगायची नाही. आणि यायचं ते गुरुवारीच. इतर वारी इथे मासे लागत नाहीत.” माशांना वार कसा कळतो, असं विचारायची बगळ्याची छाती झाली नाही. त्याला मासे नकोच होते. त्याला ते ‘चल रे’ पुरलं होतं.

पुढे नऊ वर्षं दोघं दर गुरुवारी त्या वळणावर गेले. मग सासऱ्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. गेली दोन वर्षं ते लेकीकडे राहायला येऊन घरीच बसले होते, आणि बगळा एकटा जात होता.

आता गावातल्या गळ टाकणाऱ्यांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं. त्यांचं एक मंडळ होतं. मंडळाच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो, हातात मासा धरून. आणि प्रत्येक फोटोत माशामागे काय? आभाळ. नुसतं आभाळ. झाड नाही, काठ नाही, दगड नाही. फोटोवाल्यानं जमिनीवर पालथं पडून, वर बघून फोटो काढायचा, म्हणजे जागा कळत नाही. नवा माणूस भिंत बघून विचारायचा, ह्या गावात मासे उडतात का हो? एवढं करूनही दुसऱ्याचा मासा दिसला, की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “कुठे?” आणि प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: “तिकडे.”

बगळाही ही रीत काटेकोर पाळायचा. त्याला वर्षातून जे दोन-तीन मासे मिळायचे, त्यांच्यामागे स्वच्छ आभाळ असायचं. पण पाणमांजर म्हणजे मासा नव्हे ना! तिथेच सगळा घोळ झाला.

त्याचं असं झालं. वसंतात एका गुरुवारी दुकानातलं काच घासायचं यंत्र बिघडलं. मिस्त्री येणार म्हणून बगळ्याला हलता येईना. चुकलेली फेरी भरून काढायला तो रविवारी गेला. सासऱ्यांना बोलला नाही. आणि वळणावर पोचतो तर काय, खांबाच्या पायथ्याशी खडकावर एक पाणमांजर आरामात पहुडलेलं, पोटाशी तीन पिल्लं! अकरा वर्षांत त्यानं तिथे पाणमांजराची शेपटीसुद्धा बघितली नव्हती. एक पिल्लू आईच्या मिशा ओढत होतं. बगळ्यानं गळ बाहेरच काढला नाही. पोटावर सरपटत तो चिखलातून पुढे गेला आणि श्वास रोखून फोटो काढत राहिला. घरी आला तेव्हा त्याचे फक्त डोळे ओळखू येत होते.

गावच्या वाचनालयात दरवर्षी निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं. बगळ्यानं आठ वर्षं ओळीनं फोटो पाठवले होते आणि आठही वर्षं ते बिनबोभाट परत आले होते. नवव्या वर्षी पाणमांजर गेलं आणि पहिलं आलं. बायकोनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले. बगळा दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे अक्षरांचा तक्ता धरायचं सोडून फोटोच धरायला लागला.

उद्‌घाटन शनिवारी संध्याकाळी पाचला. दुपारी बारा वाजता बगळा सहज वाचनालयात डोकावला. फोटो लागला होता, दारासमोरच्या भिंतीवर, सहा फूट रुंद, चार फूट उंच. तो बघतच राहिला. वा! एकेक मिशी मोजून घ्यावी. मग त्याची नजर पहिल्यांदाच मिशांवरून वर गेली.

खांब! वाकडं झाड! पलीकडचा उताराचा काठसुद्धा, आणि कोपऱ्यात लांबवर गिरणीची चिमणी. पोस्टानं पत्र पाठवलं असतं तर पोचलं असतं इतका नीट पत्ता!

“हा फोटो काढा,” तो वाचनालयाच्या बाईंना म्हणाला.

“काढलाच आहे की तुम्ही. फार सुंदर.”

“तसं नाही हो, भिंतीवरून काढा. खाली उतरवा.”

बाईंनी टेबलावरची आमंत्रणपत्रिका उचलून त्याच्या हातात दिली. तिच्यावर तोच फोटो होता, आगपेटीएवढा. चारशे छापल्या होत्या, सगळ्या वाटून झाल्या होत्या.

बगळा घरी आला तो रडकुंडीला येऊन. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “अरे, मंडळाचे सगळे येणार आज! एकालाही ओळख पटली, तर उद्या तिथे जत्रा भरेल. ती पिल्लं राहतील का तिथे? बाबांना काय सांगणार?”

“तोच तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. “चार वर्षं लागली मला त्या ‘चल रे’ला. आज पुन्हा ‘जावईबापू’ होणार मी.”

“मग बाबांना नको न्यायला.”

पण सासरे सकाळी दहापासूनच तयार होऊन बसले होते. स्वतः शिवलेला कोट, त्यातला त्यात नवा रुमाल. जावयाचा फोटो लागणार म्हणून दोनदा दाढी केली होती. आता त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

पाच वाजता दोघांनी त्यांना धरून धरून नेलं आणि फोटोसमोर, पण शक्य तितक्या लांब, खुर्चीत बसवलं. सासऱ्यांनी चष्मा लावला, हा बगळ्यानंच करून दिलेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, काम जरा कच्चं केलं असतं तर बरं झालं असतं. सासरे फोटोकडे बघत राहिले. हनुवटी तेवढी किंचित हलली.

मग मंडळाचे लोक आले. न्हावी आला, खाटीक आला, दातांचे डॉक्टर आले, पाववाला आला, बँकेतले कॅशियर आले. बगळा खांबाआड लपावं तसा बायकोच्या आड उभा राहिला, पण ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. आता विचारतील, ‘कुठे?’ आता विचारतील.

एकानंही विचारलं नाही.

न्हावी फोटोसमोर आला, त्याचं हसू मावळलं, आणि तो “छान आहे हं” म्हणून छताकडे बघू लागला. खाटीक दोन मिनिटं उभा राहून घाम पुसत बाजूला झाला. डॉक्टरांची तर दातखीळ बसली. बगळा चक्रावला. गळ टाकणारा माणूस आणि ‘कुठे’ विचारत नाही? ह्यांना झालंय तरी काय?

तेवढ्यात उद्‌घाटनाचे पाहुणे पुढे आले. बडं प्रस्थ! नवीकोरी काठी, नवीकोरी मोटार, खिशांनी भरलेलं जाकीट, आणि मित्रांचा ताफा सोबत. आठवड्याला एक नदी उपसतात अशी त्यांची ख्याती. त्यांनी फोटोवर बोट ठेवून खणखणीत आवाजात विचारलं, “जिथे पाणमांजर, तिथे मासे भरपूर! कुठली हो ही जागा?”

बगळ्याला खोटं बोलता येत नसे. तोंड उघडलं खरं, पण त्याआधीच न्हावी ओरडला, “धरणाच्या वर!”

“छे, समुद्राकडे,” खाटीक म्हणाला.

“परदेशातली आहे,” डॉक्टर म्हणाले.

“बुडाली ती जागा! गेल्या पुरात,” पाववाला म्हणाला.

“प्राणिसंग्रहालय,” कॅशियर म्हणाले आणि स्वतःच दचकले.

हे सगळं एका दमात, एकाच वेळी. पाहुणे गोंधळून चहाच्या टेबलाकडे वळले. आणि मग ते पाच जण एकमेकांकडे बघायला लागले. बगळा त्यांच्याकडे बघायला लागला. खोटं बोलायचं तर खरं माहीत असावं लागतं. ह्या पाचांनाही माहीत होतं!

“तुला कोणी दाखवली?” न्हाव्यानं खाटकाला हळूच विचारलं.

सहाही माना एकदम खुर्चीकडे वळल्या. सासरे निवांत रुमाल घडी करत होते.

“मला सोमवार दिलाय ह्यांनी,” न्हावी म्हणाला. “म्हणाले, इतर वारी मासे लागत नाहीत!”

खाटकाचा मंगळवार निघाला, डॉक्टरांचा बुधवार, पाववाल्याचा शुक्रवार, कॅशियरांचा शनिवार. ज्याचं काम ज्या दिवशी बंद, त्याला तो वार. वीस वीस वर्षं एकेक जण तिथे एकटा जात होता आणि नदी आपल्या एकट्याची आहे अशा थाटात परत येत होता.

“बाबा,” बगळा पुढे झाला. “जन्मात कोणाला दाखवली नाही, म्हणाला होतात मला.”

“ह्या सगळ्यांना तेच म्हणालो होतो. मंडळाला दाखवली असती, तर ह्यांनी महिन्यात डोह रिकामा केला असता. एकेकट्याला दाखवली, तर प्रत्येकानं पोटच्या पोरासारखी जपली. आत्ताच बघितलंस की! आणि तू रे? पाणमांजर असं निर्धास्त पहुडलंय म्हणजे रविवारच तो! रविवारी कशाला कडमडलास तिथे? रविवार कोणालाच दिलेला नाही मी. तेवढा एक दिवस तरी त्या पाण्याला मोकळा नको?”

बगळ्यानं मान खाली घातली. रविवारचं चुकलंच होतं. पण त्याला सलत होतं ते वेगळंच. “म्हणजे मी सहावा,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, तुम्ही मला आपला मानलंत म्हणून नेलंत. तुम्हाला गुरुवारला माणूस हवा होता, एवढंच.”

बायको काही बोलायला गेली, पण सासऱ्यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी चष्मा काढला. डोळे ओले होते आणि त्याचाच त्यांना राग आलेला दिसत होता.

“अरे गाढवा,” ते म्हणाले, “ह्या पाचांना एकेकदा जागा दाखवली आणि घरी आलो. पुन्हा कोणाबरोबर गेलो का? विचार त्यांना. तुझ्याबरोबर नऊ वर्षं बसलो, दर गुरुवारी, थंडीवाऱ्याचा. तुला मासे जमत नाहीत हे पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. तू शेजारी पाण्यात उभा असलास, की मला बरं वाटायचं. आता दोन वर्षं नुसता खिडकीत बसतो. गुरुवार जाता जात नाही.”

हे बगळ्याला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. तो आपला, बाबांना त्रास नको, म्हणून गुरुवारी पहाटे चपला हातात घेऊन चोरपावलांनी घराबाहेर पडायचा. त्याला भर सभेत रडू फुटलं, आणि सहा फुटी माणूस रडायला लागला की ते लपत नाही. वाचनालयाच्या बाईंना वाटलं, पहिल्या बक्षिसाचा आनंद.

“मी नेतो तुम्हाला,” तो म्हणाला. “खुर्चीत बसवून नेतो.”

“एकट्याला झेपणार नाही,” खाटीक बाह्या सरसावत म्हणाला. “मी एका बाजूनं धरतो.” न्हावी म्हणाला, दुसरी बाजू माझी. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना काय बांधायचं ते मी बघतो. सगळे गुरुवारी दुकानं बंद ठेवायला निघाले.

“काही गरज नाही!” सासरे गरजले. “ज्यानं त्यानं आपापला वार सांभाळा. उतारापर्यंत फक्त खुर्ची पोचवा आणि मागं न बघता परत फिरा. गुरुवार आमच्या दोघांचा आहे.” मग ते जावयाकडे वळले. “तू कॅमेरा तेवढा घे. मासे मी बघतो.”