बरणीतली चुब्रित्सा

"आता बादलीत शेती करणार म्हणे. उद्या बशीत गहू पेरतील."

बाल्कनीच्या दाराआडून हे पुटपुटणं आलं. हळूच आलं, पण रालित्साला ऐकू जाणार नाही इतकंही हळू नव्हे. सासूबाईंचं पुटपुटणं नेहमी नेमकं तेवढ्याच मापाचं असायचं.

रालित्सा दह्याच्या रिकाम्या बादल्यांना तापल्या खिळ्यानं भोकं पाडत बसली होती. वयाची अठ्ठेचाळीस वर्षं तिनं भाजी पाहिली ती बाजारात, नाहीतर सासरहून आलेल्या पिशव्यांत. आणि आता प्लेवेन शहरातल्या या सहाव्या मजल्यावर तिनं बाग थाटायला घेतली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "ताजी पार्सली हाताशी असलेली बरी." खरं कारण दाराआड खुर्चीत बसलेलं होतं.

स्तोयनाआई ऑक्टोबरात गावी अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलानं, प्लामेननं, त्यांना इथं आणलं तेव्हा ठरलं होतं, वसंतापर्यंतच. वसंत आला. काठीशिवाय त्यांना स्वयंपाकघरही गाठता येत नव्हतं, आणि एकट्या घरात पुन्हा पडल्या तर उचलायला कोण, हा विचार तिघांच्याही डोक्यात होता. पण बॅग पलंगाखाली भरलेलीच राहिली. प्लामेन म्हणे, "जरा ऊन पडू दे, आई." रालित्सा म्हणे, "डॉक्टरांना विचारू." आई दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत, आणि रालित्साला त्या भिंतीचीच भीती वाटायला लागली होती.

बॅगेत, गाठ मारलेल्या मोज्यात, त्यांच्या गुलाबी टोमॅटोचं बी होतं. रालित्सानं मार्चच्या सुरुवातीला ते मागून पाहिलं.

"ते गावच्या मातीसाठी आहे," आई म्हणाल्या. "बादल्यांसाठी नाही."

मग तिनं बाजारातून पार्सलीचं बी आणलं, कांदे खोचले. चुब्रित्सा या सुगंधी पाल्यासाठी मात्र खर्च कशाला? ती घातल्याशिवाय या घरात घेवड्याला कुणी घेवडा म्हणत नाही. पावाचा तुकडाही सकाळी तिच्यातच बुडतो. टेबलावरची बरणी भरलेली होती. वाळका पाला आहे, त्यात बी असणारच, असा हिशेब करून तिनं मूठभर पेरली आणि वर माती ओढली.

तीन आठवडे ती रोज सकाळी त्या बादलीला पाणी घालत होती. पार्सली उगवली, कांद्याला हिरवे शेंडे आले. चुब्रित्साची बादली टकलीच.

"ये की गं बाई, लाजतेस काय," ती बादलीला समजावत होती, तेवढ्यात मागं काठी वाजली. आई उंबरा ओलांडून बाल्कनीत आल्या होत्या. ऑक्टोबरापासून पहिल्यांदाच. आवाज ऐकून शनिवारची झोप टाकून प्लामेनही आला.

"वर उचल ती," आई म्हणाल्या. रालित्सानं बादली त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मातीत बोट खुपसलं, जिभेला लावलं आणि जरा विचार केला.

"काय पेरलंस?"

"चुब्रित्सा."

"कुठली?"

"आपली. बरणीतली."

आईंनी पुन्हा चव घेतली. "मीठ बरोबर आहे. तिखट किंचित कमी पडलं."

प्लामेननं कठड्याकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

रालित्साला आता उमगलं. बरणीला सगळे चुब्रित्सा म्हणत, पण आत होतं रंगीत मीठ. निम्मं मीठ, लाल मिरचीची पूड, भाजलेली मेथी, आणि नावापुरता तो पाला.

"तू हसू नकोस," आई मुलाला म्हणाल्या. "तू असतास तर वर चीजसुद्धा पेरलं असतंस."

"तुम्हाला ठाऊक होतं?" रालित्सानं विचारलं.

"त्याच दिवशी. न्याहारीला बरणी अर्धी."

"मग तीन आठवडे गप्प का बसलात, आई?"

"रोज सकाळी त्या बादलीशी बोलायचीस ना तू." त्यांनी बोट कमरेला बांधलेल्या ॲप्रनला पुसलं. "भिंतीपेक्षा ते बरं होतं बघायला. ही माती टाकून दे, मिठात काही जगत नाही. चुब्रित्साचं खरं बी धुळीसारखं असतं. पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं."

मग त्या बाल्कनीच्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. "इथं ऊन किती वेळ?"

"दुपारी तीनपर्यंत."

"हं. प्लामेन, बॅगेतला मोजा आण."

तो लोकरीची जोडी घेऊन आला. "पाय गार पडले का?"

"गाठीचा मोजा, गाढवा."

मोज्यातून वर्तमानपत्राचे तुकडे निघाले, त्यांवर चिकटून वाळलेलं बी. आईंनी ताज्या मातीच्या बादलीत एक तुकडा आडवा ठेवला, मग दुसरा.

"उशीरच झालाय," त्या म्हणाल्या. "पण येतील. रोपं वाढली की ही बादली पुरणार नाही. कोबी आंबवायचं ते पिंप काढून ठेव, रालित्सा."

त्यांनी तिसरा तुकडा उचलला तसा प्लामेन घाईनं म्हणाला, "आई, थोडं राहू दे. गावी गेल्यावर लागेल तुला."

रालित्सा पाण्याच्या झारीकडे बघत राहिली.

आईंनी तिसरा तुकडाही ठेवला आणि वर माती लोटली.

"मी गावी परत जाणार नाहीये," त्या म्हणाल्या. "तुला माहीत आहे, हिला माहीत आहे, त्या बॅगेलासुद्धा माहीत आहे."