तोंडपाठ गप्पा

स्पॅनिशने योगिताला नुसता वैताग आणला होता. व्याकरणात वर्गात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, निबंधात तर नाहीच नाही. पण डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला विद्यापीठाने एक खूळ काढून ठेवलं होतं, बोलीभाषेची तोंडी परीक्षा. तिकडची माणसं बाजारात, स्वयंपाकघरात जशी बोलतात तसं बोलून दाखवायचं. त्यात ती एकदा सपशेल आपटली होती आणि फेरपरीक्षा शनिवारी होती. सुरतजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात स्पॅनिश इंजिनियर यायचे होते, त्यांना दुभाषी हवी होती, आणि ती नोकरी योगिताला मिळाल्यातच जमा होती. फक्त डिप्लोमा हातात पाहिजे. नाहीतर तिच्या वडिलांनी, पंडितने, बमरोलीच्या मिलमध्ये साड्यांना लेबलं चिकटवायच्या कामासाठी शब्द टाकून ठेवलाच होता.

मेहनतीत ती कमी पडली असं कुणाच्या बापाने म्हणू नये. मेहेर मॅडमनी वर्गाला एक कॅसेट दिली होती. त्यात दोघी बायका मासे कसे तळावेत यावरून वाद घालतात, एकमेकींचं बोलणं तोडतात, मध्येच खिदळतात. योगिताने ती अख्खी कॅसेट तोंडपाठ केली. कुठे अडखळायचं, कुठे 'पुएस' म्हणत वेळ काढायचा, कुठे हसायचं, सगळं घोटलं. परीक्षेत मॅडमनी साधं विचारलं, आज काय खाल्लंस? योगिताने माशांचं भांडण सुरू केलं आणि ठरल्या जागी हसलीसुद्धा. मॅडम हसल्या नाहीत.

मेहेर मॅडम सुरतच्याच पारशी. नवऱ्याच्या पनामातल्या दुकानात वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून त्या स्पॅनिश शिकल्या होत्या, त्यामुळे पुस्तकी बोलणं त्यांच्या डोक्यात जायचं. गुरुवारी सरावाला त्यांनी योगिताला मध्येच थांबवलं.

"दीकरी, तू बोलती नथी. तू तो पाठ वांचे छे," त्या गुजरातीत म्हणाल्या आणि मग हिंदीवर आल्या. "घर में मम्मी से कैसे बात करती है?"

"शुद्ध मराठी में, मॅडम," योगिता अभिमानाने म्हणाली.

"यही तो लफडा है! जा, आज मम्मी के साथ गप्पे मार. लड, उसकी बात काट. फिर मेरे साथ वैसा ही कर."

योगिता धुसफुसत गोडादऱ्याच्या बसमध्ये चढली. शुद्ध बोलणं म्हणजे लफडं? त्या शुद्धपणासाठी तिने काय कमी सोसलं होतं? पाचवीत असताना आई, चंद्रभागा, शाळेत डबा घेऊन आली आणि वर्गाच्या दारातूनच ओरडली, "योगिता, डबा इसरी गयी व तू!" मुलं हसून लोळली. कडेवरचं पोर बोललं तर हसावं तसं नाही, गावंढळाला हसावं तसं हसली. त्या दिवसापासून योगिताने घरात हट्ट धरला. आईच्या तोंडून गावाकडच्या बोलीतलं 'शे' निघालं की ही पाठ फिरवणार. 'आहे' म्हटलं तरच ताटाला हात लावणार. पोर उपाशी राहते म्हटल्यावर कुठली आई शिकणार नाही? चंद्रभागा शिकली, आणि अशी शिकली की योगितासमोर पुन्हा चुकली नाही.

गल्लीच्या तोंडाशी येताच योगिताला कॅसेटच ऐकू आली. नळावर भांडी घासत आई आणि शेजारची कलाबाई बोलत होत्या. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू, मध्येच टाळी, मध्येच खिदळणं. आईला इतकं बोलता येतं? योगिता घाईने पुढे झाली. आईने तिला पाहिलं, हात पदराला पुसले, पदर सारखा केला.

"आलीस का, योगिता? आज तुला उशीर झाला. मी चहा ठेवते."

"माय, तू काय करी ऱ्हायनी?" योगिताने विचारलं. तोंडात शब्द अवघडले, पण विचारलं.

चंद्रभागा गोंधळली. पोर आपली थट्टा करते आहे की परीक्षा घेते आहे, तिला कळेना. "मी भांडी घासत आहे," ती जपून म्हणाली.

"तसं नको ना! कलाबाईसंगे बोलस तसं बोल. भांड मनासंगे!"

कलाबाई फिसकन हसली. चंद्रभागाचा चेहरा मात्र पडला. "योगिता, असं बोलू नये," ती हळूच म्हणाली. हे वाक्य तिने लेकीकडूनच घेतलं होतं. योगिताला रडू आलं, आणि राग तर इतका आला की चहा तसाच गार झाला.

शनिवारी मॅडमनी स्पॅनिशमध्ये पहिलंच विचारलं, "मग, मारल्यास आईशी गप्पा?" योगिताने बसमध्ये छान उत्तर जुळवलं होतं. त्यातला एकही शब्द आठवेना. आठवला तो फक्त राग.

"नाही! पुएस, माझ्याशी ती पुस्तकासारखी बोलते. कलाबाईशी दिवसभर बोलते, हसते, माझ्याशी नाही!"

"पण का..." मॅडमनी विचारायला तोंड उघडलं.

"ओये, आधी ऐका तरी!" योगिताने त्यांना तोडलं आणि जीभ चावली. क्रियापदं सगळी चुकली होती. मॅडमनी एकही चूक सुधारली नाही. चष्मा काढून पुसला आणि तिला पास केलं.

पेढे घेऊन ती घरी पोचली. आई दारातच होती. निकाल ऐकून तिचे डोळे भरून आले. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, क्षणभर शब्द शोधला, आणि तो सापडल्यावर तिला हायसं वाटलं.

"योगिता, तुझं हार्दिक अभिनंदन."

मग पेढ्यांचा पुडा घेऊन ती लगबगीने नळाकडे गेली. बाहेरून तिचा आवाज आला, मोकळा, मोठा, हसता हसता रडणारा. "व कलाबाई! मनी पोर पास व्हयनी व! परदेशना लोकेससंगे बोलस ती आते!"

योगिता दाराच्या आडच उभी राहिली. बाहेर गेली असती, तर आई शुद्ध बोलायला लागली असती.