काठोकाठ पियाला

झारीफने किटली उंच धरली आणि धार न तुटू देता सहावा पियाला काठोकाठ भरला. थेंबभरही सांडला नाही. समोरच्या खोगीरवाल्याने तो दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारत मारत संपवला, उजवा हात छातीवर ठेवून मान लववली आणि उठून चालू लागला. त्याच्यामागोमाग बाकीचे पाचही उठले. डॉक्टरछाप चहाची पुडी एकानेही घेतली नाही.

"आवडला नाही का हो त्यांना?" झारीफने विचारलं.

"आवडला असेल," एर्गाश बाबा म्हणाले आणि डफ उचलून पुन्हा दवंडीला उभे राहिले.

"छातीला ऊब, पोटाला जोर! डॉक्टरछाप पिणाऱ्याला हकिमाचा ना घोर!"

खोकंदच्या बाजारात चाळीस वर्षं बाबांची दवंडी चालत आली होती. हरवलेला उंट असो, पाण्याची पाळी असो की झारच्या अधिकाऱ्याचा हुकूम, बाबांच्या तोंडून गेला की गावभर झाला. यंदा तुतीला पालवी फुटली तेव्हा हा काझानचा तातार पोरगा मॉस्कोच्या कुठल्याशा कंपनीची चहाची पोती घेऊन उतरला आणि त्याने हा आवाज भाड्याने घेतला. पुडीवर दाढीवाल्या, चष्मेवाल्या डॉक्टरचं चित्र होतं. "एवढा गुणकारी चहा पिऊन याला चष्मा का लागला?" असं खोगीरवाल्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

पण चहा अडला होता तो चष्म्यापायी नाही. खोकंदमध्ये पियाला कसा भरायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुण्याला घोट-दोन घोट ओतायचे. ते संपले की पुन्हा घोट-दोन घोट. म्हणजे बसा, घाई कसली, आम्ही आहोत ओतायला. काठोकाठ भरलेला पियाला हातात आला की शहाण्या माणसाने समजायचं, यजमानाला आता आपण नकोसे झालो. प्यायचं आणि उठायचं. झारीफच्या घरी नेमकी उलटी रीत. अर्धा पियाला दिला तर त्याची आई पाहुण्यासमोर शरमेने मेली असती. म्हणून तो पोरगा रोज मोठ्या मनाने, हसतमुखाने सगळ्या बाजाराला हाकलून देत होता. आणि ते कुणी त्याला सांगत नव्हतं, कारण चहा पाजणाऱ्याला ओतायला शिकवणं याहून मोठा उद्धटपणा खोकंदला ठाऊक नाही.

बाबांनी सांगायला हवं होतं. त्याच्याच कामावर होते ते. पहिल्या दिवशी ते सांगणारही होते. पण त्या संध्याकाळी झारीफ त्यांच्याबरोबर घरी आला, बाजेवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बाबा, या गावात माझ्याशी बोलणारे तुम्ही एकटेच."

त्या घरात दोन हिवाळे कुणी बोललं नव्हतं. बायको आयनिसा वारली होती, लेक ओशला नांदत होती. दिवसभर गावाला ओरडून सांगणारा माणूस घरी आला की त्याचा आवाज पडायचा, कारण ऐकायला कुणी नसायचं. झारीफ आला तेव्हा बाबांनी फळीवरचा दुसरा पियाला काढला, त्यातली धूळ पुसली आणि दोन घोट ओतले. ते संपले, पुन्हा दोन ओतले. अंधार पडेपर्यंत पोराने आपलं सगळं गाव सांगून टाकलं.

"बाबा, तुमचा हात फार आखडता बुवा," तो चिडवायचा. "चहा माझाच, आणि मलाच मोजून देता!"

बाबा नुसते हसायचे. चहा खपला की हा पोरगा पुढच्या गावाला जाणार, अंदिजानला. नाही खपला तर आणखी काही दिवस राहील. एवढा साधा हिशेब होता त्यांचा, आणि त्यांना त्याची लाज वाटायची. लाज वाटायची तरी दुसऱ्या दिवशी ते गप्पच राहायचे. असे सात आठवडे गेले.

आठव्या आठवड्यात झारीफ आला तो पियाल्याला न शिवता बसून राहिला. त्याच्या हातात कंपनीचं पत्र होतं.

"या महिन्यात पोती रिकामी झाली नाहीत तर परत ये म्हणतात. कायमचा." त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आईने गावभर सांगितलंय, बाबा. माझा झारीफ मॉस्कोवाल्यांचा माणूस झाला म्हणून. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"चहा घे."

"चहाच गळ्याशी आलाय माझ्या."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो लवकर उठला. बाबा त्याच्या उरलेल्या दोन घोटांकडे बघत बसले.

सकाळी बाजारात झारीफने किटली उचलली, तेव्हा बाबांनी डफ खाली ठेवला आणि त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"आज तू ओरड. मी ओततो."

"मी? मला कुठे येतं ओरडायला?"

"येत नाही ते बरंच आहे. लोक हसतील तरी."

झारीफ आपल्या काझानी हेलात ओरडला आणि लोक खरंच हसले. बाबांनी प्रत्येकाच्या पियाल्यात दोन घोट ओतले. खोगीरवाला पिऊन झाल्यावर उठायला गेला, तोच बाबांनी पुन्हा दोन घोट ओतले. तो पियाला बघून थबकला. पुन्हा बसला. त्याच्या शेजारी दोन जण बसले. नान आले, जर्दाळू आले, कुणाच्या तरी गुडघेदुखीचा विषय निघाला आणि मग पुडीवरच्या डॉक्टरकडे लोकांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. दुपारच्या नमाजापर्यंत अर्धं पोतं संपलं.

"अशी काय जादू केलीत?" झारीफ विचारत होता.

उत्तर शेजारच्या चहाखान्याच्या मामतने दिलं. त्याला आता हसू आवरेना. "जादू कसली, भाऊ! तू पियाले भरून देत होतास. भरला पियाला म्हणजे प्या आणि चालते व्हा! आम्हाला वाटलं, तातारांत गिऱ्हाइकाला असंच वागवतात."

झारीफही हसला. मग त्याचं हसू थांबलं. तो बाबांकडे वळला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

बाबांनी किटलीचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं. "हो," ते म्हणाले.

झारीफ वळून पुड्या रचायला लागला. बोलला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. बाजारात तो रोज भेटायचा, काम करायचा, पण संध्याकाळी घरी येईनासा झाला. बाबा दोन पियाले मांडायचे आणि एक तसाच फळीवर ठेवून द्यायचे. महिना भरायच्या आत पोती संपली.

निघायच्या दिवशी दुपारी झारीफ आला. गल्लीच्या तोंडाशी घोडागाडी उभी होती, वर त्याची पेटी बांधलेली. तो बाजेच्या कडेवर टेकला. मांडी घातली नाही.

"अंदिजानची गाडी आहे. म्हटलं, भेटून जावं."

"बरं केलंस."

बाबांनी किटली उचलली. एक घोट पडला, दुसरा पडला. धार थांबली नाही. पियाला अर्धा झाला, पाऊण झाला आणि काठाला टेकला. बाबांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला.

झारीफने पियाल्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"भरलात, बाबा."

"भरला. तुझी गाडी खोळंबलीय."

पोराने पियाला घेतला आणि हळूहळू प्यायला सुरुवात केली. घोटाघोटाला थांबून तो आत किती उरलंय ते बघत होता. मग त्याने पियाला खाली ठेवला, बाबांच्या गुडघ्याशी सरकवला, उजवा हात छातीवर ठेवून मान लववली आणि तो गेला. गाडीची चाकं गल्लीतून बाहेर पडेपर्यंत बाबा दाराकडे बघत होते.

मग त्यांचं लक्ष पियाल्याकडे गेलं. तळाशी दोन घोट चहा ठेवला होता.

बाबांनी तो ओतून दिला नाही. ते त्याच्याशेजारी बसून राहिले.