चंपतला बाजारहत्नूर नाही

"काका, हे चंपत कोन आहेत? अन् मशीन त्यायले येवढं घाबरते काऊन?"

पंचफुलानं हे विचारलं तेव्हा खुद्द चंपत कंडक्टर खिडकीबाहेर तिकिटांची पेटी पुसत उभा होता. मी गडबडीनं खिडकी लावली. मी आमच्या बस डेपोत ड्यूटी चार्टचा कारकून. पंचफुला तामसीच्या मास्तरांची लेक, हैदराबादला कॉम्प्युटर शिकलेली. सन दोन हजार लागलं की मशीन येडं होणार अशी हूल उठली होती, म्हणून नव्याण्णवच्या सप्टेंबरात आम्ही तिला प्रोग्राम तपासायला बोलावलं होतं.

तिनं अख्खा प्रोग्राम छापून टेबलापासून दारापर्यंत पसरला होता. मधोमध अठ्ठ्याऐंशी सालची एक ओळ: चंपतला बाजारहत्नूरची बस द्यायची नाही. तिच्याखाली ब्याण्णवच्या माणसाची टीप: 'ही ओळ का आहे ते कळत नाही. काढू नये.' त्याखाली शहाण्णवची: 'मलाही कळत नाही. मीही काढली नाही.'

"वा रे शहाणे!" पंचफुला म्हणाली. "हे मी काढीन."

काढली. चार वाजता चार्ट छापून आला आणि मी गाढवासारखा न वाचताच फळ्यावर लावला. बेचाळीस कंडक्टर, बेचाळिसांना बाजारहत्नूर!

"सुधाकरराव, बाजारहत्नूरले जत्रा भरून राह्यली काय?" कंडक्टर पोरं मला बघून खिदळली. मॅनेजरसाहेब आधी तेलुगूत ओरडले, मग उर्दूत, आणि दमल्यावर मराठीत. मागच्या दोघा शहाण्यांनी सगळा हिशेब त्या एका ओळीच्या आधारानं रचला होता. ओळ मुकाट्यानं परत घातली.

संध्याकाळी चंपत आला. टोपी हातात.

"साहेब, तीस तारखेले मी रिटायर होतो. एक डाव मले बाजारहत्नूर द्या ना."

"मशीन देत नाही, चंपतराव. अन् चार्टवर पेन लावला तर साहेब मला सस्पेंड करतील."

"मशीनले मीच सांगतलं होतं जी."

मी गार! अकरा वर्षं डेपोत या गोष्टीवर गप्पा झडत होत्या. कुणी म्हणे तिथल्या चिंचेवर भूत आहे, कुणी म्हणे तिथं चंपतची कुणी बाई आहे. बाईची गोष्ट मीच सगळ्यात रंगवून सांगायचो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माही लेक रुख्मिणी देल्ली ना तिथं," चंपत म्हणाला. "दुपारी बस तासभर थांबे. पोरगी डबा अन् पान्याचा तांब्या घेऊन थांब्यावर ये. आमच्यात लेकीले लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पानीबी पेत नाही. मी नाही म्हनो, पोरगी रडे, डबा वापस ने. रोज कसं पाहावं ते? त्या कॉम्प्युटरवाल्या पोराले म्हनलं, मले तिकडं नको धाडू. वाटलं, सालभराचीच गोष्ट हाय."

"अन् आता?"

"होळीले नात झाली, साहेब!" म्हातारा एकदम पोरासारखा हसला. "तसं सुट्टीत जाता येते. पन तिनं वर्दीतल्या बापासाठी आनला होता डबा. त्याच थांब्यावर खायचा हाय."

पंचफुला दारात उभी राहून ऐकत होती. तिनं चष्मा पुसला आणि मशीनपुढे जाऊन बसली. दोन दिवस बसली. जुन्या एकाही ओळीला हात न लावता खाली एक नवी ओळ घातली, फक्त तीस तारखेपुरती. वरच्या दोन टिपांखाली आपली टीप जोडली: 'ही ओळ एका लेकीसाठी आहे. काढू नये.'

एकोणतीसला चार वाजता चार्ट आला. या खेपेला मी बोट ठेवून ठेवून वाचला. एक्केचाळीस जण आपापल्या जागी, आणि चंपत बाजारहत्नूरला.

तीस तारखेला संध्याकाळी बस आली. चंपतनं तिकिटांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली, वर टोपी ठेवली.

"जेवले का, चंपतराव?"

"जेवलो जी. पिठलं-भाकर."

"अन् पाणी?"

"दोन तांबे पेलो, साहेब. तिसरा भरून आनून राह्यली होती, पन बसची येळ झालती."