रंग न लागलेली शिडी

मी शिडी बोलतेय. रंगाऱ्याच्या घरात उभं आयुष्य काढलेली, आणि तरीही अंगाला कधी रंग न लागलेली.

तुम्हाला हसू येईल. पण जरा माझ्या जागी उभे राहून बघा. माझ्या अंगाखांद्यावरून किती डबे वर गेले! मोतिया, पिस्ता, गुलाबी, आकाशी. भिंती रंगल्या, खिडक्या रंगल्या, संडासाच्या दारालासुद्धा दोन हात मिळाले. मला मात्र वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा बोळा. चुकून एखादा थेंब अंगावर पडलाच, तर तोही ओला असतानाच पुसून काढायचे. मी आतल्या आत जळायचे. लाकडाचा जन्म, दुसरं काय करणार!

मला घडवलं बाबांनी. बाबा म्हणजे या घरातले जुने रंगारी. बिनगाठीचं, सरळ रेघांचं लाकूड हवं म्हणून त्यांनी वखारीत अख्खी सकाळ घालवली. प्रत्येक फळी उचलायची, डोळ्यासमोर धरायची, टिचकी मारायची, परत ठेवायची. वखारवाला वैतागून म्हणाला, “काय हो, मुलगी बघायला आलाय का?”

“त्याहून अवघड काम आहे,” बाबा म्हणाले, “हिच्यावर उभं राहायचंय.”

दोन उभे दांडे, त्यांत खाचा पाडून बसवलेल्या पायऱ्या, वर घट्ट ठोकलेल्या पाचरी. मी तयार होऊन अंगणात उभी राहिले तेव्हा बाबांची लेक, तेव्हा ती एवढीशी होती, हातात ब्रश घेऊन धावत आली. “बाबा, हिला कुठला रंग?”

बाबांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. “शिडीला रंग लावायचा नसतो. रंगाखाली तडा लपतो. शिडीचं दुखणं चढणाऱ्याला दिसायला पाहिजे.”

संपलं. माझ्या नशिबाचा फैसला त्या दिवशीच झाला.

बाबांची एक रीत होती. तिला ते ‘शिडी ऐकणं’ म्हणायचे. रोज सकाळी कामावर निघण्याआधी मला आडवी करून दोन्ही टोकांखाली विटा द्यायचे आणि एकेका पायरीवर पाय ठेवत, मान तिरकी करून माझ्यावरून चालत जायचे. कुठली पायरी कशी करकरते हे त्यांना पाठ होतं. आवाज जरा वेगळा आला की काम बंद, आधी पायरी बदलायची. लाकूड मोडण्याआधी बोलतं, हा त्यांचा भरवसा. मग मला उभी करायचे, माझ्या खालून दुसऱ्या पायरीवर हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. “प्रभू, डोळे दे, कान दे, आणि ऐकलेलं मानायची अक्कल दे. आमेन.” की चढले.

माझी ती दुसरी पायरी मधोमध गुळगुळीत झाली आहे. पाय पडून सगळ्याच पायऱ्या झिजल्या, ही हातानेही झिजली.

बाबांच्या हाताखाली दोघं शिकले. एक त्यांचा मुलगा, घरातलं शेंडेफळ, आणि दुसरा जावई, त्या ब्रश घेऊन धावत आलेल्या लेकीचा नवरा. मुलाचा हात असा साफ की दोन रंगांमधली रेघ दोरीने आखल्यासारखी दिसावी. जावई सावकाश. पण तो बाबांच्या मागोमाग माझ्यावरून चालायचा आणि थांबून म्हणायचा, “बाबा, ही आज कोरडी वाजतेय.” बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं. “हात पोराचा चांगला, कान जावयाचा. वर चढायच्या कामात कान पुढे चालतो.” आणि मला जावयाच्या खांद्यावर दिलं. कामं घेणं, माणसं लावणं, सगळं त्याच्याकडे गेलं.

मुलगा वरवर हसला. त्या दिवसापासून तो जावयाला ‘कानवाले दाजी’ म्हणू लागला. “विचारा हो आमच्या कानवाल्या दाजींना!” थट्टाच होती, पण तिला धार होती. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती नजर मी लगेच ओळखली. दारांवर रंगाचा हात फिरताना मी तसंच बघायचे.

पुढे बाबा गेले. रंगारी, आता जावयालाच रंगारी म्हणते, रीत पाळत राहिला. मग एक दिवस ती आली.

निळी.

लोखंडाची होती. दोन भागांची, वरचा भाग सरकवला की माझ्या दुप्पट उंच. आणि नखशिखांत आकाशी निळी! नवाकोरा, चकचकीत रंग. धंदा बंद करणाऱ्या एका कंत्राटदाराकडून रंगाऱ्याने ती घेतली होती, कारण त्याला मोठं काम मिळालं होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनामंदिर आतून रंगवायचं होतं, आणि वेदीमागची भिंत इतकी उंच की माझा हात तिच्या निम्म्याला पोहोचला असता.

अंगणात तिला माझ्या शेजारी टेकवली. शेजारीणबाई बघायला आली, म्हणाली, “अगोबाई, किती देखणी!” माझ्यावर तिने ओलं फडकं वाळत टाकलं आणि गेली.

खोटं कशाला सांगू? ती मोडावी असं मला त्या क्षणापासून वाटू लागलं. सगळ्यांदेखत, कडाडून.

रंगारी तिच्यावर भाळला होता. तिला आडवी घालून दोन-तीन सकाळी चालून बघितलं त्याने, पण ती काही बोलेचना. लोखंड ते. मग त्याने ऐकणंच सोडलं. आणि प्रार्थना ऐकण्याला जोडलेली होती, त्यामुळे तीही आपोआप सुटली. सोडायची असं त्याने ठरवलं नव्हतं. दोरीची एक गाठ सुटली की पुढची ढिली होते, तसं झालं.

प्रार्थनामंदिराचं काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मेहुणा, म्हणजे बाबांचा मुलगा, सामान बांधायला आला. निळीभोवती एक फेरी मारून तो थांबला.

“दाजी, शिडीला रंग कोण लावतं?”

“ज्याला हौस असेल तो लावतो.”

“बाबा काय म्हणायचे?”

“बाबा लाकडाबद्दल म्हणायचे. हे लोखंड आहे. गंज धरू नये म्हणून रंग लावतात.”

“गंजाला तांबडा रंग लावतात. हा चकचकीत कशाला? विकायला काढलेली शिडी आणि वर ताजा रंग. दाजी, मला हे बरं दिसत नाही. खरवडून बघा, नाहीतर हिच्यावर चढू नका.”

रंगारी दोरी आवळत होता. त्याने मान वर केली. “एवढं मोठं काम मला मिळालं ते तुला खुपतंय, असं सरळ सांग की. शिडीच्या आडून कशाला बोलतोस? जळतोयस तू.”

मेहुण्याच्या हातातला डबा तिथेच राहिला. “बरं,” तो म्हणाला. “उद्या तुमचे तुम्ही जा. कानवाले!” आणि फाटक आपटून गेला.

स्वयंपाकघराच्या दारात रंगाऱ्याची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने जेवण वाढलं. मग खिडकीतून मला तिचा आवाज आला.

“तो म्हणाला त्याचं काय?”

“जळतो तो.”

“जळतो. माझा सख्खा भाऊ आहे, मला नवीन सांगताय का? मी शिडीचं विचारलं.”

रंगाऱ्याच्या ताटात चमचा नुसता फिरत राहिला.

“अहो, देवाला विचारलंत?”

“शिडी घ्यायला देवाला काय विचारायचं?”

“घ्यायला नका विचारू. चढायला बाबा रोज विचारायचे,” ती म्हणाली, आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघींना प्रार्थनामंदिरात नेलं. निळी मोठ्या भिंतीसाठी, मी दाराजवळच्या किरकोळ कामासाठी. बाकं एका बाजूला ओढून त्यांवर चादरी घातल्या होत्या. पाळकसाहेबांनी दार उघडून दिलं, “सांभाळून बरं का,” म्हणाले आणि एका आजाऱ्याला भेटायला निघून गेले. आत फक्त रंगारी. एरवी खाली मला धरून उभा राहायचा तो मेहुणा आज नव्हता.

त्याने निळीला वेदीमागच्या भिंतीला टेकवलं, वरचा भाग सरकवला. केवढी उंच दिसली ती! वर पार क्रूसाच्या वर गेली. रंगाऱ्याने डबा कंबरेला अडकवला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

इतके दिवस ती मोडावी म्हणून मी आस लावून बसले होते. पण मोडताना तिच्यावर कोणीतरी असणार, आणि तो हाच असणार, हे माझ्या लाकडी डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. मला करकरायचं होतं. जीव तोडून ओरडायचं होतं. पण शिडी बोलते ती कोणी तिच्यावर चढलं तर. आणि माझ्यावर कोणी नव्हतं.

त्याने दुसरा पाय उचलला. तिथेच थांबला. मग उतरला, डबा खाली ठेवला, आणि चादरींवरून चालत सरळ माझ्याकडे आला आणि खाली बसला. खांद्यावरची धूळ झटकावी इतक्या सहज त्याचा हात माझ्या दुसऱ्या पायरीवर आला. अंगाला लागलेली सवय, माणूस विसरला तरी ती विसरत नाही.

“प्रभू,” तो हळू म्हणाला, “तो जळतो म्हणून मी ऐकत नाही, की मला ऐकायचंच नाही म्हणून तो जळतो असं म्हणतोय? मला कळत नाहीये. तू कळू दे. डोळे दे, कान दे, आणि ऐकलेलं मानायची अक्कल दे.”

आभाळातून वगैरे काही आवाज आला नाही. मी तिथेच होते, मी सांगते. बाहेर एक सायकल गेली, तेवढंच. पण तो आमेन म्हणून उठला तेव्हा त्याच्या कपाळावरची कालची आठी गेली होती. त्याने पिशवीतून खरवडायची पट्टी काढली, निळीला जमिनीवर आडवी घातली आणि गुडघे टेकून एकेक जोड खरवडू लागला.

आकाशी पापुद्रे चादरीवर पडत गेले. खालचे जोड ठणठणीत होते. मधलेही. मला वाटलं, आता उठेल, हसेल आणि चढेल. वरच्या भागाकडे गेल्यावर पट्टीला अचानक मऊ लागलं. लोखंडात मऊ! त्याने नख घातलं. नखाखाली लांबी आली. भिंतीच्या भेगा बुजवायची, त्याने स्वतः हजारदा मळलेली लांबी. ती उकरल्यावर खाली जोड सुटलेला. नुसता रंगाने धरलेला.

तो चादरीवर बसून राहिला. मग मान वर करून त्या जोडाची जागा भिंतीवर कुठे आली असती ते बघितलं. खाली फरशी होती.

त्याने खिशातून फोन काढला. “ये,” म्हणाला.

पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण काय असेल ते कळलं, कारण रंगारी म्हणाला, “हो, जळतोस. पण खरं बोललास. ये.”

मेहुणा बांबू आणि दोर घेऊनच आला. जोड बघितला, बोट घातलं, आणि त्याच्या तोंडचा रंग उडाला. त्या दिवशी मला ज्याचा हेवा वाटला नाही असा तेवढाच एक रंग.

“जळतो मी, दाजी,” तो बाकावर बसत म्हणाला. “देवाच्या घरात कशाला लपवू? बाबांनी तुम्हाला पुढे केलं ते अजून टोचतं. पण तुम्ही पडावं असं…”

“माहीत आहे रे. मी तुझं तोंड बघत बसलो, बोट कुठे दाखवतोयस ते बघितलंच नाही.”

“मग कान कापून द्या इकडे,” मेहुणा नाक पुसत म्हणाला. “शोभत नाहीत तुम्हाला.”

“अर्धा घे. आजपासून शिडी आपण दोघांनी ऐकायची.”

मग दोघांनी मला विटांवर आडवी घातली आणि पाठोपाठ माझ्यावरून चालले. मी प्रत्येक पायरीला नीट, खणखणीत बोलले. उभी केल्यावर दुसऱ्या पायरीवर दोन हात आले. दोघांनी मिळून बाबांची प्रार्थना म्हटली. तेवढ्या वेळापुरता मला जगात कोणाचाही हेवा वाटला नाही.

अगदी तेवढ्याच वेळापुरता. कारण पुढच्या तासाभरात त्यांनी बांबूंची परांची बांधली, मोठी भिंत रंगवायला तिच्यावर चढले, आणि काम संपेपर्यंत दोघं तिथे वर शेजारी शेजारी उभे राहून गाणी म्हणत, एकमेकांना टोमणे मारत रंग लावत राहिले. मी दाराशी. परांचीवर मी किती जळले ते विचारू नका.

निळीला रंगाऱ्याने करवतीने कापली. पुन्हा लांबी भरून, रंग मारून ती विकता आली असती. हात तसा साफ होता मेहुण्याचा. पण दोघांनी मिळून तिचे तुकडे केले आणि भंगारात दिले, म्हणजे दुसरं कोणी तिच्यावर चढणार नाही.

आता मी म्हातारी झाले. एका सकाळी खालून तिसरी पायरी वेगळी वाजली. मेहुण्याने आधी ऐकलं, हे मुद्दाम सांगते. तिथे केसाएवढा तडा होता, तो आता बोटाएवढा झालाय. दांडेही थकलेत, म्हणून मला कामातून काढून अंगणात भिंतीला टेकवली.

परवा रंगाऱ्याची लेक ब्रश घेऊन आली. हुबेहूब आईसारखी धावत. “बाबा, हिला निळा रंग देऊ? पायऱ्यांवर कुंड्या ठेवीन!” हातातला डबा आकाशी होता. अख्ख्या जन्माची इच्छा माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी होती.

रंगाऱ्याने माझ्या दुसऱ्या पायरीवर हात ठेवला. “वरच्या कुंडीला पाणी कसं घालशील?”

“चढून,” ती म्हणाली. आणि मग तिचं तिलाच कळलं. तिने तड्यावरून बोट फिरवलं, डब्याचं झाकण लावलं आणि फाटक रंगवायला गेली.

फाटक आता निळं आहे. रोज उन्हात चमकतं. मी रोज बघते, आणि हो, जळते. तरीही त्या मुलीचं बोट माझ्या तड्यावरून फिरलं, ते त्याखाली रंग असता तर फिरलं नसतं.

तुमच्याही घरात असेल एखादं माझ्यासारखं. करकर करणारं, हेवेखोर, नकोसं. त्याचं तोंड आवडलं नाही तरी ते काय दाखवतंय तिकडे एकदा बघा. खरं कुठलं आणि जळफळाट कुठला हे उमजेनासं झालं, तर ज्याने कान दिलेत त्यालाच विचारा. चढायच्या आधी विचारा.

येते मी. आलात कधी या अंगणात, तर माझ्या खालून तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका. तडा आहे तिथे. दिसतोय ना?