रस्ता खोदायचा कागद

माझी विहीर रस्त्याच्या अल्याड, रान पल्याड. पाण्याचा नळ पुरायला रस्ता खोदायची परवानगी मागितली, तर सरपंच मालोजीरावानं चार महिने मला पंचायतीच्या पायरीवर बसवलं. विधवेचा ऊस त्याच्या डोळ्यांत सलत होता. शेवटी कागद दिला, पण एकाच दिवसाचा, आन तो दिवस त्याच्या लेकीच्या लग्नाचा. "कागदात लिवलंय तसंच व्हायला पाहिजे, बाई," म्हणाला. सगळा गाव मांडवात राबणार, गोजाबाईला कुदळ धरायला माणूस मिळणार न्हाई, हा त्याचा डाव.

माणूस मिळालं न्हाईच. मी आन माझ्या दोन सुना पहाटेपासून खोदत होतो. दुपार कलली तशा कासारवाडी स्टेशनावरनं वऱ्हाडाच्या बैलगाड्या आल्या आन कमरेएवढ्या चरापाशी थांबल्या. मालोजीराव धावत आला.

"बुजव आधी! गोरज मुहूर्त टळंल!"

मी कमरेला खोचलेला कागद त्याच्यापुढं धरला.

"दिवस मावळेपर्यंत रस्ता बंद, असं लिवलंय. सही तुमची हाय, सरपंच. कागदात लिवलंय तसंच व्हणार. नवरदेवाला म्हणा, उतर चरात."