डाव्या कोपऱ्यातला बाण

एवढासा बाण. तांदळाच्या दाण्याएवढा, निळा, पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात... प्राची सकाळपासून त्याच्याकडे बघत होती आणि सकाळपासून तिचं डोकं फिरलेलं होतं. परळच्या या काचेच्या ऑफिसात दवाखान्याचा नंबर लावायचं ॲप बनत होतं, पडद्यांची सगळी रचना तिची. संध्याकाळपर्यंत तिने होकार कळवायचा होता, आणि नाही कळवला तर काय, ते हितेंद्रने, तिच्या साहेबाने, टेबलाला टेकून हसत हसत सांगितलंच होतं.

"आयफोनवर आहे ना, डिट्टो तसंच अँड्रॉइडला टाक. मागे जायला वरचा बाण, बास. प्रीमियम वाटतं यार! नसेल जमत तर ऋताला देतो, तू टेन्शन नको घेऊस."

टेन्शन नको घेऊस — वा रे वा! ज्या कामासाठी जिवाचं रान केलं, ते असं उचलून शेजारच्या टेबलावर ठेवणार, आणि वर ही माया.

काल त्या बाणाचा नमुना आईला वापरायला दिला होता. लालबागच्या खोलीत मोरीपाशी बसून आई बांगडे साफ करत होती, एक हात बरबटलेला, म्हणून दुसऱ्या हातात तिचा तो स्वस्तातला अँड्रॉइड — नाव, वय, गुडघेदुखी, सगळं नीट भरलं तिने. डॉक्टर तेवढा भलताच निवडला गेला, म्हणून मागे जायला तिने फोनचं खालचं बटण दाबलं, नेहमी दाबते तसं, अंगठा आपसूकच जातो तिथे — आणि ॲपच बंद. भरलेलं सगळं गेलं. "ह्यां काय गो?" आई म्हणाली, आणि मग लगेच, ओशाळून, "माझांच कायतरी चुकलां असतलां." तेव्हाच का नाही सांगितलं, की आई, तुझं नाही चुकलं? बांगडे तळले, जेवले, झोपले.

आणि उसनं घ्यायला प्राचीने कधी नाक मुरडलं होतं? बोटाने पान खाली ओढलं की ताजं होतं, ती युक्ती तिने दुसऱ्यांचीच, बिनदिक्कत उचललेली. आईने तरी काय केलं... शेजारच्या सुचित्राकाकूंचा सातारी मसाला घेतला, पण मिरची निम्मी केली, ओलं खोबरं वाटून लावलं, आता काकूच वाटी घेऊन दारात येतात. घ्यावं तर असं, आपल्या चुलीला मानवेल तसं. हे म्हणजे शेजाऱ्याचं दार छान दिसतं म्हणून तसलं आपल्या भिंतीला ठोकायचं, आणि रोजच्या वहिवाटीचं दार बुजवून टाकायचं! कुणी सांगितलेत नसते धंदे?

पण मी तरी काय केलं... इथे आल्या आल्या तडा गेलेला फोन पर्समध्ये लपवला, महिन्याभरात आयफोन घेतला, वाक्यावाक्याला 'यार' म्हणायला शिकले, आणि आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायला लागले — मालवणी कुणाच्या कानावर पडायला नको. उसनं अवसान, दुसरं काय.

फोन थरथरला. हितेंद्र: "झालं का?"

एका हातात चहाचा कप होता. दुसऱ्या हाताने तिने मेसेज उघडला, वाचला, मागे जायचं म्हणून अंगठा वर ताणला — कोपऱ्यातल्या त्या बाणापर्यंत तो पोचेना. आणि कप खाली ठेवून डावा हात मुकाट्याने मदतीला आला. प्राची थबकली. हा हात रोज असाच येत होता... इतकी वर्षं, न विचारता, आणि तिला वाटत होतं की तिला हा फोन जमला.

तिने कप पुन्हा उचलला. अंगठा ताणून पाहिला, नाही पोचत. नको पोचूस मेल्या.

"माझां काय एक चुकूक नाय," ती म्हणाली. चांगली मोठ्याने. पलीकडच्या टेबलावरून ऋताने चमकून पाहिलं, आणखी दोघांनी माना वळवल्या. प्राचीची कानशिलं तापली, पण आवाज काही खाली आला नाही.

"आणि माझ्या आयेचां पण नाय."